मानस तेवढी राहिली: आईबरोबर भूतानमध्ये सात दिवस

आई कराडच्या एका शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवत होती. ब्रह्मपुत्रेला उत्तरेकडून येऊन मिळणाऱ्या नद्या ती मुलांकडून पाढ्यासारख्या म्हणवून घ्यायची. पूर्वेकडून सुरुवात करायची: मानस, संकोश, रायडाक, तोरसा, जलढाका, तिस्ता. मीही त्याच शाळेत, त्याच वर्गात होते, म्हणून त्या मला अजून त्याच चालीत आठवतात. यातली एकही नदी तिने पाहिली नव्हती. बाबा गेल्यानंतरच्या दुसऱ्या दिवाळीत फराळाचे डबे भरता भरता ती म्हणाली, "सगळं नकाशावर बोट ठेवून शिकवलं गं. एकदा त्या नद्या येतात कुठून ते बघायचंय."

पुढच्या दिवाळीनंतर आम्ही दोघी निघालो. आईचं वय अडुसष्ट. निघायच्या आधी दोन महिने ती दर रविवारी आगाशिवचा डोंगर चढत होती. कराडच्या माणसाला आगाशिव सांगायला नको, पण इतरांसाठी म्हणून: त्या डोंगरात साठाहून जास्त बौद्ध लेणी आहेत, साधीसुधी, फारसं कोरीव काम नसलेली. आई दरवर्षी सहल तिथेच न्यायची.

भूतानला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही, प्रवेश परवाना लागतो. त्यासाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं, आधार कार्ड चालत नाही. शिवाय भारतीय माणसाला मुक्कामाच्या दर रात्रीमागे १२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावं लागतं. इतर बहुतेक देशांच्या लोकांना हेच १०० डॉलर पडतं. काही ओळखीच्यांना ते जास्त वाटलं. तिथले रस्ते, जंगल आणि माणसांची अजिबात नसलेली गर्दी पाहिल्यावर मला ते योग्य वाटलं.

दिवस पहिला: बागडोगरा ते फुंत्शोलिंग

बागडोगऱ्याला विमानातून उतरलो आणि गाडीने पूर्वेकडे निघालो. सेवकला तिस्तेवरचा जुना कमानीचा पूल आला तशी आईने ड्रायव्हरला गाडी हळू घ्यायला सांगितलं. नदी हिरवी आणि रुंद होती, डोंगरातून नुकती मोकळी झाल्यासारखी. आईने पर्समधून छोटी वही काढली आणि "तिस्ता" लिहून त्यापुढे वेळ टाकली. तेव्हा मला कळलं की ती हजेरी घेणार आहे.

पुढे डुआर्सचे चहाचे मळे, मधूनच साल वृक्षांचं जंगल, मग नागराकाट्याजवळ जलढाका. मदारीहाट सोडलं की तोरसा, नोव्हेंबरमुळे वाळूचे पट्टे वर आलेली. नकाशातल्या तीन नद्या एका दुपारी झाल्या. चौथीच्या आधी हासिमाऱ्याला गाडी उत्तरेला वळली आणि संध्याकाळी आम्ही जयगावला पोहोचलो.

जयगाव आणि फुंत्शोलिंग यांच्यामध्ये फक्त एक भिंत आणि एक रंगीत कमान आहे. अलीकडे हातगाड्या, हॉर्न, ओरडाआरडा. पलीकडे गेलो आणि एकदम आवाज बसला. पाय टाकला तर गाड्या थांबतात, कोणी हॉर्न वाजवत नाही. घड्याळ अर्धा तास पुढे करायचं. पैसे बदलायला नकोत, कारण तिथला न्गुल्ट्रम आणि आपला रुपया एकाच किमतीचा. परवान्याच्या कागदांसाठी बराच वेळ बसावं लागलं. तोवर बाहेर अंधार पडला होता आणि खाली तोरसेचा आवाज येत होता. भूतानमध्ये तिला अमोछू म्हणतात, गाईडने सांगितलं. 'छू' म्हणजे पाणी, नदी. आईने वहीत तोरसेपुढे कंसात तेही लिहिलं.

दिवस दुसरा: फुंत्शोलिंग ते थिंफू

फुंत्शोलिंग समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनशे मीटर आणि थिंफू दोन हजार तीनशेच्या वर, म्हणजे कळसूबाईपेक्षाही बरंच उंच. मधला रस्ता दीडशे किलोमीटरच्या आसपासचा आणि सगळा वळणांचा. रिंचेंडिंगच्या नाक्यावर कागद तपासले की चढ सुरू होतो. सकाळी घाम येत होता. दोन तासांनी गेडूला धुक्यात शिरलो तेव्हा आईने शाल डोक्यावरून घेतली.

हा रस्ता साठच्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या सीमा सड़क संघटनेच्या 'दंतक' प्रकल्पाने बांधला. त्याआधी या देशात मोटारीचा रस्ताच नव्हता. १९५८ साली पंडित नेहरू भूतानला आले ते सिक्कीममधून चुंबी खोऱ्यात उतरून, डोंगरवाटांनी पारोला. गाईडला हे शाळेत शिकवलेलं होतं. त्याच्या वयाच्या भूतानी पोराने हे इतक्या जिव्हाळ्याने सांगावं, याचं आईला फार अप्रूप वाटलं.

गाईडबद्दल इथेच सांगते. तिशीचा, गुडघ्यापर्यंतचा घो, म्हणजे तिथल्या पुरुषांचा झगा, घातलेला, हिंदी उत्तम. आईला तो पहिल्या तासापासून 'अमा' म्हणू लागला. बोलताना वाक्याच्या शेवटी आदराने 'ला' लावायची तिथली पद्धत आहे. "अमा, पानी पियेंगे ला?" दुसऱ्या दिवसापर्यंत आईही "हां ला" म्हणायला लागली.

चुख्याच्या आसपास रस्त्याला एक नदी येऊन मिळते आणि मग थिंफूपर्यंत सोडत नाही. कधी हाताशी, कधी खोल दरीत फक्त पांढरी रेघ. ही वांगछू. "और इंडिया में इसको रायडाक बोलते हैं," गाईड म्हणाला. आई काचेला नाक लावून बसली. "रायडाक म्हणजे हीच?" असं तिने दोनदा विचारलं. पुस्तकात एका शब्दाची असलेली नदी अशी दिवसभर शेजारून चालत राहिली.

छूजोमला पारोछू आणि वांगछू यांचा संगम आहे. तिथे एका रांगेत तीन छोर्तेन, म्हणजे स्तूप, आहेत: एक तिबेटी पद्धतीचा, एक नेपाळी, एक भूतानी. आई हात जोडून उभी राहिली. गाईडने सांगितलं की इथल्या जुन्या समजुतीप्रमाणे दोन नद्या मिळतात ती जागा अशुभ, वाईट शक्तींना ओढणारी असते, म्हणून रक्षणासाठी छोर्तेन बांधले. संगमाकाठी वाढलेल्या आईला हे पटेना. "संगम अशुभ?" गाडीत बसल्यावरही ती पुटपुटत होती.

थिंफूत रात्री जेवायला एमा दात्शी. मिरच्यांची भाजी, म्हणजे खरोखर मिरच्यांचीच. एमा म्हणजे मिरची, दात्शी म्हणजे चीज. मिरची इथे मसाला नाही, मिरची हीच भाजी. बरोबर तांबूस, जरा चिकटसर भात. हॉटेलातला मुलगा काळजीने आईकडे बघत होता. खर्ड्यावर वाढलेल्या बाईने ताट स्वच्छ केलं आणि अजून वाढायला सांगितलं.

दिवस तिसरा: थिंफू

थिंफूत वाहतुकीचे दिवे नाहीत. मुख्य चौकात रंगवलेल्या छत्रीखाली पोलीस उभा राहतो आणि नाचातल्या मुद्रांसारखे हात करून गाड्या सोडतो. आम्ही दहा मिनिटं नुसते बघत राहिलो.

कुएन्सेल फोद्रांगचा सोनेरी बुद्ध सगळ्या खोऱ्यावरून दिसतो. एक्कावन्न मीटर उंच, आणि पोटात सव्वा लाख छोट्या बुद्धमूर्ती. मूर्ती भव्य आहेच, पण माझा जीव तिथे रमला नाही. तो रमला मेमोरियल छोर्तेनपाशी.

तिसरे राजे जिग्मे दोर्जी वांगचुक यांच्या स्मरणार्थ हा पांढरा स्तूप १९७४ साली बांधला. याच राजांच्या काळात इथली वेठबिगारी संपली, संसद सुरू झाली, रस्ते आले, देश संयुक्त राष्ट्रांत गेला. पण तिथे मी इतिहास विसरले. शहरातले म्हातारे-म्हाताऱ्या सकाळपासून तिथे येतात. हातात माळ, दुसऱ्या हातात फिरवायचं प्रार्थनाचक्र, आणि स्तूप उजव्या हाताला ठेवून न थांबता प्रदक्षिणा. थकले की बाकावर बसायचं, थर्मासमधला चहा प्यायचा, गप्पा मारायच्या, पुन्हा चालायचं. आईने चपला सारख्या केल्या आणि ती त्यांच्यात मिसळली. तिला कोणी वळून पाहिलं नाही. साडीतली बाई किरा नेसलेल्या बायकांबरोबर चालते आहे, दोन्हीकडे माळ एकशे आठ मण्यांची.

मी बाकावर बसून होते. तासाभराने पाहिलं तर आई एका सुरकुतलेल्या आजींशेजारी बसली होती आणि त्या आजी तिला पान देत होत्या. त्याला डोमा म्हणतात: अर्धी सुपारी, चुना, विड्याचं पान. तिथली सुपारी ओली, आंबूस उग्र वासाची असते, छातीत एकदम ऊब येते. आईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने पान थुंकलं नाही. तिने पदराच्या टोकाला बांधलेला तिळाचा लाडू सोडून आजींना दिला. भाषा एकही समान नव्हती. आजींनी बोटांनी विचारलं, मुलं किती? आईने एक बोट दाखवलं आणि मग माझ्याकडे.

दिवस चौथा: दोचुला आणि पुनाखा

थिंफूहून पुनाख्याला जाताना दोचुला खिंड लागते, साधारण ३१०० मीटर. हवा इतकी स्वच्छ होती की समोर बर्फाची सगळी रांग उघडी पडली होती. गांगखर पुएन्सुम गाईडने बोटाने दाखवलं: ७५७० मीटर, आणि अजून एकही माणूस माथ्यावर गेलेला नाही. जाणारही नाही, कारण भूतानने आधी उंच शिखरांवरची आणि २००३ पासून सगळीच गिर्यारोहणं बंद केली. शिखरं देवांची जागा. हा निर्णय एका देशाने घेतला आणि पाळला, याने मला तिथेच गहिवरून आलं.

खिंडीत १०८ छोर्तेन आहेत. डिसेंबर २००३ मध्ये भूतानी सैन्याने दक्षिणेच्या जंगलातले आसामी बंडखोरांचे तळ उठवले. चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक स्वतः सैन्याबरोबर होते. त्या लढाईत पडलेल्यांसाठी राणी आशी दोर्जी वांगमो वांगचुक यांनी हे स्तूप बांधवले. जे आपल्यासाठी फक्त फोटोचं ठिकाण, ते त्यांच्यासाठी सैनिकांचं स्मारक.

झाडाझाडांवर पाच रंगांच्या पताका. निळी, पांढरी, लाल, हिरवी, पिवळी: आकाश, वारा, अग्नी, पाणी, पृथ्वी. "पंचमहाभूतं," आई लगेच म्हणाली. वाऱ्यावर मंत्र जावेत म्हणून त्या बांधतात आणि विरून फाटेपर्यंत काढत नाहीत.

तिथून उतार. तासा-दीड तासात थंडी गेली, केळी आणि संत्र्याची झाडं दिसू लागली, कापलेल्या भाताच्या पायऱ्या आणि घरांच्या छपरांवर वाळत टाकलेल्या लालभडक मिरच्या. आणि मग एका वळणावर खाली तो दिसला: पुनाखा झोंग. दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या जिभेवर पांढरा, लाकडी सज्जांचा, सोनेरी माथ्याचा किल्ला-मठ.

डाव्या हाताला मोछू, उजव्या हाताला फोछू. फो म्हणजे नर, मो म्हणजे मादी. बापनदी आणि आईनदी. फोछू बर्फातून येते, तिचं पाणी गार निळसर, मोछूचं हिरवट, आणि मिळाल्यावरही थोडं अंतर दोन रंग शेजारी शेजारी चालतात. आई पुलाच्या कठड्याला टेकून किती वेळ उभी होती. कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात आणि मग एकत्र काटकोनात वळतात, म्हणून तो प्रीतिसंगम. आईचं रोजचं फिरणं तिथलं. "आपल्याकडे समाध्या बांधतात, यांनी राजधानीच बांधली," ती म्हणाली. गाईडला विचारलं, संगम अशुभ म्हणता, मग झोंग इथे कसा? तो म्हणाला, गुरू पद्मसंभवांनी भाकीत केलं होतं की नामग्याल नावाचा माणूस हत्तीसारख्या डोंगरापाशी येईल आणि बांधेल. मागचा डोंगर बघा, हत्ती झोपलाय, झोंग त्याच्या सोंडेच्या टोकावर. आईला हत्ती दिसला. मला थोड्या वेळाने दिसला.

तो नामग्याल म्हणजे झाबद्रुंग न्गावांग नामग्याल, तिबेटमधून आलेले धर्मगुरू, ज्यांनी विखुरलेल्या खोऱ्यांचा एक देश केला. हा झोंग १६३७-३८ चा. म्हणजे शिवनेरीवर जन्मलेला शिवबा तेव्हा सात-आठ वर्षांचा होता. झोंग म्हणजे किल्ला, कचेरी आणि मठ एकाच तटात. १६५१ साली झाबद्रुंग वारले, पण राज्य मोडू नये म्हणून ते एकांत साधनेला बसलेत असं सांगून ती बातमी सुमारे अर्धशतक लपवली गेली. त्यांचा देह याच झोंगमध्ये आहे. १९०७ साली पहिल्या राजाचा राज्याभिषेक इथे झाला, १९५५ पर्यंत राजधानी हीच होती, आणि आताच्या राजांचं लग्न २०११ मध्ये इथेच लागलं.

लाकडाच्या उभ्या पायऱ्या चढून आत गेलो. चौकात मोठा बोधिवृक्ष. थंडीत थिंफूचे भिक्षू मुक्कामाला इकडे येतात, त्यामुळे मठ भरलेला होता. आतून तुताऱ्यांचा खोल आवाज, आणि दहा-बारा वर्षांचे छोटे भिक्षू तांबड्या वस्त्रांत पळत होते.

ऑक्टोबर १९९४ मध्ये वर लुनानात लुग्गे त्सो हे हिमनदीचं तळं फुटलं आणि फोछू लोंढा घेऊन आली. माणसं गेली, झोंगचं नुकसान झालं. पुन्हा बांधला. आग, पूर, भूकंप, किती वेळा पडला आणि किती वेळा उभा केला. गाईड हे सांगत असताना आई नदीकडेच बघत होती. तिने वहीत लिहिलं: "पुनात्सांगछू = संकोश." पाच झाल्या. मानस पूर्वेला, अजून दोन दिवस आत. तेवढे दिवस आमच्याकडे नव्हते.

दिवस पाचवा: पारोकडे

सकाळी फोछूवरचा लांब झुलता पूल. मध्यावर वाऱ्याने पूल हलतो, पताका फडफडतात, खाली पाणी. आई कठडा धरून पलीकडे गेली आणि परत आली. मग दोचुला, छूजोम आणि पारो. दिवस गाडीतच गेला. पारोचं खोरं रुंद, मध्ये नदी, मध्ये विमानाची धावपट्टी, काठाने विलोची झाडं. आई लवकर झोपली.

दिवस सहावा: तक्त्सांग

वाघिणीचं घरटं. आठव्या शतकात गुरू पद्मसंभव वाघिणीवर बसून इथे आले आणि गुहेत तीन वर्षं, तीन महिने, तीन दिवस ध्यानाला बसले अशी श्रद्धा आहे. मठ १६९२ सालचा, ३१२० मीटरवर, खोऱ्याच्या तळापासून सुमारे नऊशे मीटर उंच कड्याला चिकटलेला. १९९८ मध्ये तो जळाला आणि २००५ पर्यंत पुन्हा जसाच्या तसा बांधला. साहित्य त्याच वाटेने वर नेलेलं.

पहाटेच निघालो. पाइनचं जंगल, मातीची वाट, पाण्याने फिरणारी प्रार्थनाचक्रं. आई आगाशिवच्या चालीने चढत होती: वीस पावलं, थांबा, श्वास, पुन्हा वीस. तट्टू मिळतात पण तिने नको म्हटलं. दोन तासांनी अर्ध्या वाटेवरच्या कॅफेटेरियाला पोहोचलो. समोर दरीपलीकडे मठ. तिने चहाचा कप दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "मला इथून दिसतंय. तू जा." मी आग्रह केला नाही. तिचा चेहरा थकलेला नव्हता, भरलेला होता.

पुढचा अर्धा टप्पा माझा एकटीचा. वाट मठाच्या उंचीपर्यंत जाते, मग शेकडो दगडी पायऱ्या खाली, खाली धबधब्यावर छोटा पूल, आणि पलीकडे पुन्हा वर. खडकाच्या कपारींत मुठीएवढे मातीचे स्तूप रचलेले, गेलेल्या माणसांसाठी. मी बाबांसाठी काही नेलं नव्हतं. धबधब्यापाशी क्षणभर थांबले, तुषार तोंडावर घेतले. दाराशी फोन, कॅमेरा, पिशवी सगळं ठेवून आत जावं लागतं. आत लोण्याच्या दिव्यांचा वास, अंधार, गार फरशी. एका कपारीपाशी एक भिक्षू तळहातावर केशराचं पाणी देत होते. आपल्याकडच्या तीर्थासारखंच प्यायचं आणि उरलेलं डोक्याला लावायचं. आणि एकदम मला आगाशिवच्या लेण्यांची आठवण आली. तीही अशीच, डोंगराच्या पोटातली, कोणीतरी शांत बसावं म्हणून खोदलेली, फक्त तिथे आता दिवा नाही.

परत आले तेव्हा आई तिथेच होती. गाईडने तिला दुसरा चहा आणून दिला होता आणि ती त्याला मराठीत नद्या म्हणून दाखवत होती, त्याच चालीत. तो मागून म्हणत होता. मानसपाशी थांबून त्याने सांगितलं, त्याचं गाव तिकडचं.

दिवस सातवा: उतार

पारोहून खाली. छूजोमला आईने पुन्हा गाडी थांबवली, या वेळी तिन्ही छोर्तेनांना प्रदक्षिणा घातली. मग दिवसभर वांगछू डावी-उजवी करत सोबतीला.

या नदीवर आपल्या मदतीने बांधलेले दोन मोठे वीजप्रकल्प आहेत: ऐंशीच्या दशकातलं चुखा, ३३६ मेगावॅट, आणि २००६-०७ मध्ये सुरू झालेलं ताला, १०२० मेगावॅट. इथली वीज भारतात येते, त्यावर या देशाचा मोठा खर्च भागतो. एका वळणावर खाली धरणाची भिंत दिसली. आईने थांबायला सांगितलं. भिंतीमागे पाणी होतं, पण थोडंच, दरी अरुंद. हे प्रकल्प वाहत्या पाण्यावरचे, बोगद्यातून पाणी नेऊन पाडायचं, मोठं सरोवर साठवायचं नाही.

"यहाँ पहले क्या था?" आईने विचारलं.

"जंगल था ला, अमा. पत्थर."

आई गप्प राहिली. मग तिच्या मोडक्या हिंदीत बोलायला लागली. तिचं माहेर कोयनेच्या शिवसागरात गेलं, हे मला माहीत होतं. ती सहा वर्षांची असताना गाव उठलं, एवढंच आम्ही ऐकलेलं. पण त्या दिवशी, त्या परक्या रस्त्यावर, तिने त्या पोराला सांगितलं की घराला दोन दारं होती. परड्यात रायवळ आंबा होता. बैलगाड्या भरल्या तेव्हा तिच्या आजीने जात्याची खालची तळी सोबत घेतली आणि वरची ठेवली, ओझं नको म्हणून. भैरोबाच्या देवळाची घंटा काढून नेली, देव नंतर नेले.

गाईड रस्त्याकडे पाठ करून ऐकत होता. हात पुढे बांधलेले.

"अभी कुछ दिखता है ला?" त्याने विचारलं.

"मई में," आई म्हणाली. "पानी नीचे जाता है तो मंदिर का चौथरा दिखता है. दो साल पहले देखा."

आम्ही गाडीत बसलो. आईने वही काढली नाही. गेडूला धुकं होतं, ड्रायव्हरने दिवे लावले.